चरबीच्या टक्क्यावरून वजनाचं लक्ष्य कसं ठरवावं

वजन उतरवायचं ठरलं की लक्ष्याचा आकडा बहुतेक घरांत तीनच ठिकाणांहून येतो: सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करून, लग्नाच्या वेळचं वजन आठवून, नाहीतर दवाखान्याच्या भिंतीवरच्या उंची-वजनाच्या तक्त्यातून. अंगात मांस किती, हाड किती, पाणी किती आणि चरबी किती, हे यातल्या एकाही आकड्याला ठाऊक नसतं. म्हणून तालमीत घाम गाळलेल्या माणसाला तो आकडा कधी गाठता येत नाही, आणि दिवसभर बसून काम करणाऱ्या सडपातळ बाईला 'सगळं ठीक आहे' असा चुकीचा निर्वाळा मिळतो.

आपल्या लोकांत ही दुसरी गत जास्त दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा मिळून एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय शरीर कमी वजनातही जास्त चरबी बाळगतं, आणि ती पोटाभोवती साठवतं. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयची जादा वजनाची रेष २५ वरून २३ वर आणली गेली आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमी ठरली. या मर्यादा उपयोगाच्या आहेतच. पण तुमचं लक्ष्य किती किलो, याचं उत्तर त्या देत नाहीत. त्यासाठी चरबीचा टक्का काढावा लागतो.

आधी वजन नीट घ्या

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, अंगावर कमीत कमी कपडे ठेवून वजन करा. सलग सात दिवस करा आणि त्यांची सरासरी काढा. पुढच्या सगळ्या गणितात हीच सरासरी धरायची, एका दिवसाचा आकडा नाही. जत्रेचं जेवण, लग्नाची पंगत किंवा गणपतीतल्या मोदकांनंतर दुसऱ्या दिवशी काटा एक-दीड किलो वर जातो. त्यात मीठ आणि भाताबरोबर शरीरात थांबलेलं पाणीच बहुतेक असतं, चरबी नाममात्र. पाळीच्या आधीच्या दिवसांतही बायकांचं वजन असंच फुगतं. म्हणून त्यांनी या महिन्याचा आकडा मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी ताडून पाहावा.

काटा कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते. काटा सांध्यावर आला किंवा एक पाय अधांतरी राहिला, तर अर्धा ते एक किलोचा फरक सहज पडतो. एकच फरशी ठरवा, तिच्यावर खूण करा आणि काटा रोज तिथेच ठेवा. गादी, सतरंजी, पायपुसणं यांवर नको. काटा खरा आहे की नाही हे पाहायचं असेल तर नवं, सील न तोडलेलं गॅस सिलिंडर उपयोगी पडतं. आत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. सिलिंडर उचलणं झेपत नसेल तर १० किलो पिठाची बंद पिशवी हातात घेऊन आणि न घेता वजन करा, फरक १० यायला हवा.

टेपने माप

चरबीचा टक्का काढायचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे शिंप्याचा टेप. कापडी टेप जुना झाला की ताणतो, म्हणून फायबरचा घ्या आणि एकदा लोखंडी पट्टीशी जुळवून पाहा. इंचात मोजलं असेल तर २.५४ ने गुणून सेंमी करा. प्रत्येक माप तीनदा घ्यायचं आणि मधला आकडा धरायचा.

मान: गळ्याच्या घाटीच्या लगेच खाली, टेप पुढच्या बाजूला किंचित उतरता. खांदे सैल ठेवायचे.

कंबर: पुरुषांनी बेंबीच्या रेषेत, बायकांनी पोटाच्या सर्वांत अरुंद जागी. श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. टेप जमिनीला समांतर हवा. पाठीमागे तो खाली घसरतो, म्हणून आरशात पाहा किंवा घरातल्या कुणाला धरायला सांगा.

नितंब: फक्त बायकांसाठी, पाय जोडून, सर्वांत रुंद जागी.

आणखी एक कंबर: कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटाने चाचपून त्याच्या लगेच वर. हे माप दुसऱ्या सूत्राला लागतं. ढेरी सुटलेल्या पुरुषांत ते बेंबीच्या मापाच्या जवळपासच येतं, बायकांत मात्र बऱ्याचदा जास्त येतं.

सर्वांत मोठी चूक पुरुषांच्या कमरेत होते. 'माझी कंबर पस्तीस' म्हणताना माणूस पँटचा नंबर सांगतो आणि पँट पोटाच्या खाली बसते. बेंबीवर ९६ सेंमी भरणारा माणूस पट्ट्याच्या रेषेत ९० भरतो. उंची १७० आणि मान ३८ असेल, तर या एका चुकीने चरबी २५.६ टक्क्यांऐवजी २१.५ टक्के दिसते. मग लक्ष्य जवळपास गाठलंच आहे असं वाटायला लागतं. बरोबर जागी मोजतानाही एक सेंमीची चूक म्हणजे साधारण पाऊण टक्क्याची चूक, हे लक्षात ठेवा.

दोन सूत्रं, एक सरासरी

पहिलं सूत्र अमेरिकन नौदलाचं. सगळी मापं सेंमीमध्ये.

पुरुष: ४९५ ÷ [१.०३२४ − ०.१९०७७ × लॉग(कंबर − मान) + ०.१५४५६ × लॉग(उंची)] − ४५०

स्त्रिया: ४९५ ÷ [१.२९५७९ − ०.३५००४ × लॉग(कंबर + नितंब − मान) + ०.२२१ × लॉग(उंची)] − ४५०

मोबाईल आडवा धरला की कॅल्क्युलेटरवर लॉगचं बटण दिसतं. तिथेच शेजारी 'एलएन' असतं, ते दाबू नका. लॉग १०० चं उत्तर २ आलं, तर बटण बरोबर. आधी चौकोनी कंसातलं उत्तर काढून कागदावर लिहा. ते १ च्या किंचित वर येतं. तसं नसेल तर कुठलं तरी चिन्ह चुकलं आहे.

दुसरं सूत्र २०१८ साली प्रसिद्ध झालेलं आणि फार सोपं आहे. त्याला कमरेच्या हाडावरचं माप लागतं.

पुरुष: ६४ − २० × (उंची ÷ कंबर)

स्त्रिया: ७६ − २० × (उंची ÷ कंबर)

दोन्हींची उत्तरं जुळतीलच असं नाही, तीन ते पाच टक्क्यांचा फरक नेहमीचा आहे. आपल्याला बरं वाटेल ते उत्तर निवडायचा मोह होतो. तो टाळून सरासरी घ्या आणि दोन टोकंही लिहून ठेवा, ती पुढे लागतात.

घरच्या 'स्मार्ट' काट्याबद्दल थोडं. पायातून हलका विद्युतप्रवाह सोडून तो चरबीचा अंदाज बांधतो. अंगात पाणी कमी असेल तर चरबी जास्त दाखवतो, नुकतंच जेवण किंवा व्यायाम झाला असेल तरी आकडा हलतो. त्याचा टक्का लक्ष्य ठरवायला न घेता रोज सकाळी त्याच वेळी पाहून उतार-चढ समजायला घ्यावा. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तो वापरू नये. जिममध्ये छापून मिळणारा लांबलचक अहवालही याच तत्त्वाच्या यंत्रावरचा असतो. जास्त इलेक्ट्रोडमुळे तो बरा, पण दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर फार विसंबू नये. चिमट्याने कातडीची घडी मोजणारा अनुभवी माणूस मिळाला तर ती पद्धतही चांगली, अट एवढीच की दरवेळी मोजणारा तोच हवा. डेक्सा तपासणी, म्हणजे क्ष-किरणांनी हाड, मांस आणि चरबी वेगवेगळी मोजणं, सर्वांत भरवशाची. पण ते यंत्र बहुतेक ठिकाणी हाडांची घनता पाहायला ठेवलेलं असतं, म्हणून पूर्ण अंगाच्या चरबीचा अहवाल मिळतो का, हे जाण्याआधी फोन करून विचारा.

किती टक्के गाठायचे

इथे घाई नको. इंटरनेटवर दिसणारं पोटाचे सहा तुकडे झालेलं शरीर पुरुषात साधारण १० टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते टिकवणं हाच ज्याचा धंदा आहे त्यालाच परवडतं. पुरुषाला २ ते ५ टक्के आणि स्त्रीला १० ते १३ टक्के चरबी जगण्यासाठीच लागते, ती काढायची गोष्ट नाही. बाईची चरबी फार उतरली की पाळी अनियमित होते किंवा थांबते.

कामाधंद्याच्या, घरसंसाराच्या माणसासाठी आम्ही सुचवतो तो पल्ला असा. चाळिशीच्या आतले पुरुष १५ ते २० टक्के, चाळीस ते साठ १७ ते २२, साठीनंतर २० ते २५. बायकांना याच वयोगटांत अनुक्रमे २३ ते २८, २५ ते ३१ आणि २७ ते ३३. वय वाढेल तसा आकडा सैल का करायचा? साठीनंतर चरबीपेक्षा मांस गमावणं महागात पडतं. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता न येणं हे त्या वयात कमरेच्या दोन इंचांहून मोठं संकट आहे.

तुमचा आजचा टक्का या पल्ल्यापासून खूप लांब असेल तर थेट शेवटचा आकडा धरू नका. पहिला टप्पा आजच्यापेक्षा पाच ते सात टक्के कमी, एवढाच ठेवा. ३८ टक्क्यांवरच्या बाईने ३२ चं लक्ष्य घ्यावं. तिथे दोन महिने स्थिर राहता आलं की पुढचं गणित मांडावं.

आता वजनाचा आकडा

चरबी सोडून अंगात जे उरतं, म्हणजे मांस, हाड, पाणी, आतडी-काळीज सगळं, त्याला चरबीविरहित वजन म्हणू.

चरबीविरहित वजन = आजचं वजन × (१०० − आजचा टक्का) ÷ १००

लक्ष्य वजन = चरबीविरहित वजन × १०० ÷ (१०० − हवा असलेला टक्का)

एक उदाहरण पुरतं सोडवू. तरुणपणी तालमीत घुमलेला, आता बेळगावच्या शहापुरात दुकान सांभाळणारा ४२ वर्षांचा माणूस. उंची १७०, वजन ८२, मान ३८, दोन्ही मापांनी कंबर ९६. पहिल्या सूत्राने २५.६ टक्के, दुसऱ्याने २८.६, सरासरी २७. म्हणजे चरबी २२.१ किलो आणि चरबीविरहित वजन ५९.९ किलो. त्याला २० टक्क्यांवर यायचं आहे: ५९.९ × १०० ÷ ८० = ७४.८ किलो.

आता दोन टोकं. २५.६ धरलं तर लक्ष्य ७६.३ येतं, २८.६ धरलं तर ७३.२. म्हणून वहीत '७५ किलो' असं न लिहिता '७३ ते ७६' लिहायचं. मापातच तेवढी अनिश्चितता आहे, आणि एकाच आकड्यासाठी उपाशी राहण्यात अर्थ नाही.

हाच माणूस तक्ता पाहून बीएमआय २३ गाठायला निघाला, तर त्याला ६६.५ किलोवर यावं लागेल. अंगातलं मांस जसंच्या तसं राहिलं असं धरलं, तर त्या वजनाला त्याची चरबी १० टक्के असेल, म्हणजे स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूची. प्रत्यक्षात तसं होत नाही. तो मांस जाळत जाळत तिथवर पोचतो, थकतो, चेहरा ओढल्यासारखा होतो आणि पुढे बऱ्याचदा वजन परत येतं, तेही बहुतांशी चरबीच्या रूपात.

गणितात राहून जाणारी गोष्ट: मांसही जातं

वरचं सूत्र गृहीत धरतं की जाईल ती फक्त चरबी. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं तर गेलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीविरहित असतो. जोर-बैठका किंवा वजनं उचलणं आणि पुरेशी प्रथिनं सांभाळली तर तो दहाव्या हिश्शापर्यंत खाली आणता येतो. ते गणितात असं बसवायचं:

उतरवायचं वजन = [आजची चरबी − (आजचं वजन × हवा टक्का ÷ १००)] ÷ [भाग − (हवा टक्का ÷ १००)]

इथे 'भाग' म्हणजे गेलेल्या वजनातला चरबीचा हिस्सा: नुसता आहार असेल तर ०.७५, व्यायाम आणि प्रथिनं असतील तर ०.९.

आपल्या उदाहरणात पहिला कंस २२.१४ − १६.४ = ५.७४. व्यायामासह ५.७४ ÷ ०.७ = ८.२ किलो उतरवावे लागतात, लक्ष्य ७३.८. व्यायामाशिवाय ५.७४ ÷ ०.५५ = १०.४ किलो, लक्ष्य ७१.६, आणि त्यातले अडीच किलोंहून जास्त मांस आणि पाणी. म्हणजे तोच २० टक्के चरबीचा देह मिळवायला व्यायाम न करणाऱ्याला दोन किलोंहून अधिक जादा उतरवावे लागतात आणि वर ताकद कमी होते ती वेगळीच. व्यायाम कशाला, असं विचारणाऱ्याला हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवावेत.

वजन योग्य, चरबी जास्त असेल तर

निपाणीत घरी बसून विड्या वळणाऱ्या, शिलाई मशीनवर किंवा कार्यालयात बसून काम करणाऱ्या अनेक बायकांचं चित्र असं असतं: उंची १५५, वजन ५४, बीएमआय २२.५. तक्त्यात अगदी योग्य. पण मान ३१, कंबर ७८, नितंब ९४, हाडावरची कंबर ७९. सूत्रांची उत्तरं ३१.७ आणि ३६.८, सरासरी ३४ टक्के. चरबी १८.४ किलो, चरबीविरहित वजन अवघं ३५.६.

साध्या सूत्राने २९ टक्क्यांसाठी लक्ष्य ५०.१ किलो येतं. हे लक्ष्य आम्ही घेऊ नका असं सांगू. आधीच कमी असलेलं मांस आणखी कमी करून पन्नाशीवर येण्यापेक्षा ५२ किलो ठरवावं: चरबी १५.१, चरबीविरहित ३६.९. म्हणजे चरबी सव्वातीन किलो कमी आणि मांस सव्वा किलो जास्त. काट्यावर फक्त दोन किलोंचा फरक दिसेल, म्हणून अशा बाईने काटा पंधरा दिवसांतून एकदा आणि टेप दर महिन्याला पाहावा. वेळ सहा ते आठ महिने धरावा. तिला भूक मारायची गरज नाही, प्रथिनं वाढवायची आणि आठवड्यातून तीनदा स्नायूंना ताण द्यायची आहे.

सैन्यभरतीच्या तयारीतली मुलं याच्याही पुढची. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्याने आजूबाजूच्या गावांत पहाटे धावणारी मुलं भरपूर दिसतात. त्यातल्या बहुतेकांची चरबी आधीच कमी असते. त्यांनी हे सूत्र उलट वापरावं: टक्का आहे तोच ठेवून चरबीविरहित वजन दोन-तीन किलोंनी वाढवलं तर एकूण किती होईल ते पाहावं, आणि जेवण वाढवावं. वजन करायच्या दिवसाआधी पाणी तोडण्याचे प्रकार धावताना चक्कर आणतात.

वेळापत्रक आणि रोजचं ताट

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते पाऊण टक्का उतार पुरे. ८२ किलोच्या माणसाला म्हणजे ४०० ते ६०० ग्रॅम. आठ किलोंना साधारण चौदा ते वीस आठवडे लागतात. आपल्याकडे दिवाळी संपल्यावर सुरुवात करून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ याला बरा पडतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, म्हणून आठवड्यातून एक पंगत आधीच हिशेबात धरा. श्रावणात सुरुवात करून गणपतीत अडखळणारे फार.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे रोज ५५० कॅलरींची तूट. ती कुठून काढायची? पहिलं ठिकाण तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम होतं, म्हणजे ३४० कॅलरी. ते निम्मं केलं की १७० सुटल्या. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा म्हणजे साखरेच्याच १६०. शेंगांची चटणी पौष्टिक खरी, पण शेंगदाणे १०० ग्रॅमला ५६५ कॅलरींच्या आसपास जातात. वर तेल घालून चार चमचे वाढून घेतली तर ती तोंडी लावणं राहत नाही. कुंदा आणि करदंट ही बेळगाव-गोकाककडची मिठाई बंद करायची गरज नाही. खवा आणि साखर दोन्ही १०० ग्रॅमला ४०० च्या घरातले, म्हणून डब्यातून थेट न खाता वाटीत ३० ग्रॅम काढून खायचं.

भाकरी मोजायची तर नगावर नको, पिठावर. गोकाक-अथणीकडची पातळ, मोठी भाकरी आणि बेळगाव शहरातली लहान जाड भाकरी यांत फार फरक असतो. एकदा परातीत पीठ घेताना वजन करा. ७० ग्रॅम जोंधळ्याच्या पिठाची भाकरी साधारण २४० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिनं देते. खानापूरकडे दोन्ही वेळ भात असतो, तिथे तांदूळ शिजवण्याआधी माणशी मोजून घ्यावा. ताटातल्या भाताचा अंदाज नेहमी कमी धरला जातो.

प्रथिनं लक्ष्य वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ग्रॅम तरी हवीत. ७५ किलोला ९०. शाकाहारी ताटात ती अशी जमतात: तीन भाकऱ्या २१, कच्ची ८० ग्रॅम मटकी किंवा मूग १९, सोयाबीन वडी ३० ग्रॅम १५, दही २०० ग्रॅम ७, फुटाणे ४० ग्रॅम ८, एक पेला दूध ८. एकूण ७८. दोन अंडी चालत असतील तर नव्वद झाले, नसतील तर मटकी आणि वडी थोडी वाढवा. पातळ आमटीवर विसंबू नका, वाटीभर आमटीत डाळ पंधरा ग्रॅमही नसते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

व्यायामाला जिमच हवी असं नाही. जोर, बैठका, पाठीवर पिशवी घेऊन जिना, आठवड्यातून तीन दिवस. संख्या किंवा वजन दर आठवड्याला थोडं वाढलं पाहिजे. महिनाभर त्याच वीस बैठका मारत राहिलं तर स्नायूला टिकायचं कारण उरत नाही. बेळगावात व्हॅक्सिन डेपोत किंवा किल्ला तलावाभोवती रोज फिरणं उत्तम, राजहंसगडाची चढण त्याहून चांगली, पण नुसत्या चालण्याने मांस राखलं जात नाही.

दर चार आठवड्यांनी पुन्हा गणित

त्याच टेपने, त्याच वेळी, त्याच सूत्रांनी. आपल्या दुकानदाराचं आठ आठवड्यांनी वजन ७८, कंबर ९१, मान ३७.५ झाली असं धरू. सूत्रं २२.६ आणि २६.६ सांगतात, सरासरी २४.६. चरबीविरहित वजन ५८.८, पूर्वी ५९.९ होतं. नवं लक्ष्य ५८.८ × १०० ÷ ८० = ७३.५. लक्ष्य सव्वा किलो खाली सरकलं, म्हणून हिरमुसायचं कारण नाही. किलोभराचा फरक पाण्याचाही असतो. पण पुढच्या दोन्ही मापांत चरबीविरहित वजन असंच घसरत राहिलं तर उतार जास्त वेगाचा आहे किंवा प्रथिनं-व्यायाम कमी पडतायत.

वजन उतरतंय आणि कंबर जागच्या जागी असेल, तर चरबीऐवजी पाणी आणि मांस जातंय. तूट कमी करा, बैठका वाढवा. वजन जागच्या जागी आणि कंबर कमी होत असेल, तर अगदी बरोबर चाललंय, जेवण आणखी तोडू नका. इथेच सर्वांत जास्त लोक चुकतात आणि हातचं घालवतात. दोन्ही तीन-चार आठवडे हललेच नाहीत, तर आठवडाभर तेल, साखर, चहाबरोबरची खारी-फरसाण आणि सुट्टीच्या दिवशीचं जेवण वजन करून लिहा. तूट बहुतेक वेळा तिथेच बुजलेली सापडते. दरम्यान वजन कमी झाल्याने शरीराची गरजही थोडी घटलेली असते, म्हणून सुरुवातीचं ताट शेवटपर्यंत तेवढाच उतार देत नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण डोस तोच राहिला तर साखर किंवा रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठरा वर्षांखालची मुलं, बीएमआय १८.५ च्या खाली असलेले, आणि हृदय-मूत्रपिंडाच्या आजाराने अंगावर सूज असलेले यांनी हे गणित वापरूच नये. सूज असेल तर टेप पाणी मोजतो. प्रयत्न न करता वजन झपाट्याने उतरत असेल तर तेही साजरं करायचं कारण नाही, आधी तपासणी करा.

लक्ष्याच्या पल्ल्यात आल्यावर लगेच जुन्या ताटाकडे परतू नका. दर आठवड्याला रोजच्या जेवणात साधारण १०० कॅलरी, म्हणजे अर्ध्या भाकरीला थोडी कमी, एवढीच भर घाला आणि वजनाची सात दिवसांची सरासरी थांबेल तिथे थांबा. पुढे महिन्यातून एकदा कंबर मोजा. ती उंचीच्या निम्म्याच्या आत राहिली पाहिजे, १७० सेंमी उंचीला ८५. आपल्या उदाहरणातला दुकानदार याच सूत्रांनी २० टक्क्यांवर आला तर त्याची कंबर ८३-८४ च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आत असेल. पण टक्का गाठूनही कुणाची कंबर मर्यादेबाहेर राहू शकते. अशा वेळी तीन-चार महिने तिथे स्थिर राहून, मग दोन टक्के कमी धरून नवं गणित मांडावं. स्थिर काळात कंबर दोन सेंमीने वाढलेली सलग दोन महिने दिसली, की तेल आणि पिठाचं वजन पुन्हा लिहायला सुरुवात करा.